कुंपणाचा कुजलेला खांब

भातकापणी झाली, की मुरबाड-शहापूरकडं गुरं मोकळी सुटतात. ज्यानं शेतात वाल, भेंडी किंवा काकडी केली असेल, त्याचा सारा भरवसा कुंपणावर. वईचा एक खांब पडला, की तार सैल होते. रात्रीतून चार गुरं आत शिरली, तर महिन्याची मेहनत सकाळपर्यंत जाते. म्हणून दिवाळीआधीच सगळ्या वईभोवती एक फेरी मारून खांब पाहून घ्यावेत, असं आम्ही सांगतो.

वरवर पाहून काही कळत नाही. खांब जिथं जमिनीत शिरतो, तिथं दाभण टोचून पाहा. चांगल्या लाकडात दाभण अडतं. बोटभर सहज आत गेलं, तर खांब कुजला असं समजा.

कोणी म्हणेल, "खांबाभोवती तर सिमेंट-काँक्रीट ओतलं होतं. तरी तो कुजला कसा?"

लाकूड कुजतं ते बुरशीमुळं. बुरशीला ओल लागते, तशी हवाही लागते. विहीर बांधताना तळाशी जांभळाच्या लाकडाचं चाक बसवीत. ते कायम पाण्यात असूनही वर्षानुवर्षं टिकतं, कारण तिथं हवा पोचत नाही. खांबाचं तसं नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि काँक्रीटला लागून फट पडते. आपल्या ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात सुमारे १०० इंच पाऊस पडतो. ते पाणी फटीत उतरतं. खाली काँक्रीटचा तळ असला, तर पाण्याला वाट नाही. म्हणजे आपण खांब एका वाटीत उभा केला, आणि वाटी दरवर्षी भरत राहिली! हा दोष सिमेंटचा नव्हे, ते ओतण्याच्या रीतीचा आहे.

जुना खांब काढताना आधी तार सोडवा. ताणलेली तार तोडू नका. ती उसळून डोळ्याला लागते. शेजारच्या दोन्ही खांबांना तिरका टेकू द्या. मग काँक्रीटच्या एका बाजूला तळापर्यंत खणा. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट खोल असा काँक्रीटचा ठोकळा सुमारे १३० किलो भरतो. तो हातानं उचलायला जाऊ नये, कंबर धरेल. ठोकळ्याला साखळी बांधा. काठावर दगड ठेवून त्यावर पहार टेकवा, आणि ठोकळा खणलेल्या बाजूला कलता करा. दोघं असले तर बरं.

काहीजण कुजकं लाकूड तेवढं कोरून काढतात आणि त्याच भोकात नवा खांब ठोकतात. श्रम वाचतात खरे, पण जुनी वाटी तशीच राहते. आम्हांला हा उपाय पसंत नाही.

नवा खांब वाळलेला आणि साल काढलेला असावा. साग, खैर, ऐन ही झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात येतात. ती स्वतःच्या शेतातली असली, तरी परवानगीवाचून तोडू नयेत. खांबाच्या बुडाला, जमिनीच्या वर वीतभर येईल इतपत, डांबर लावा. ओल्या लाकडाला मात्र लावू नका, ओल आत कोंडते. गाडीचं जळकं तेलही कोणी लावतात. भाजीजवळ किंवा विहिरीजवळ ते नकोच.

खड्ड्याच्या तळाशी चार-पाच इंच खडी घाला आणि खांब त्या खडीवर उभा करा. ओळंबा लावून सरळ करा. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी असं मिश्रण खांबाभोवती भरा. बुडाखाली जाऊ देऊ नका. तळाची खडी पाणी खाली सोडते. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा दोन इंच उंच ठेवून चहूबाजूंनी उतरता करा. सात दिवस त्यावर पाणी मारा, आणि तोवर तार ओढू नका. पुढं दर वर्षी पावसाआधी फट दिसली, तर डांबरानं भरा.

खरं पाहता काँक्रीट कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांनाच लागतं, कारण ओढ त्यांच्यावर असते. मधल्या खांबांना दगड-मुरूम घालून थराथरानं धुमसलं, तरी चालतं. मधे मधे पांगारा किंवा गिरिपुष्प यांचे जाड खुंट पावसाच्या सुरुवातीला लावले, तर ते फुटतात आणि जिवंत खांब होतात. गिरिपुष्पाचा पाला खताला येतो. अशा खुंटांना पहिल्या वर्षी तार ताणून बांधू नये, मुळं धरायला वेळ लागतो.