कॉम्प्युटरची तारीख आणि व्यापाऱ्याची मुदत

आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये रमजान ईद दोनदा आली. पहिली ११ एप्रिल २०२४ रोजी आणि दुसरी ३१ मार्च २०२५ रोजी, म्हणजे वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी. कापड, रेडिमेड, चप्पल-बूट, अत्तर, शिलाईकाम अशा ज्या धंद्यांचा हंगाम ईदवर अवलंबून असतो, त्यांच्या खात्यात त्या एका वर्षात एक पूर्ण रमजान पडला आणि शिवाय आधीच्या रमजानचा आखरी अशरा, म्हणजे सर्वांत जास्त विक्रीचे दहा दिवसही पडले. पुढच्या २०२५-२६ या वर्षाला एकच हंगाम मिळाला. आता टॅलीमध्ये ही दोन वर्षे शेजारी-शेजारी लावून पाहिली तर धंदा बसल्यासारखा दिसतो. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायला बँकेत जावे, तर साहेब हाच कागद पुढे सरकवतात.

यात कॉम्प्युटर खोटे बोललेला नाही. त्याला एप्रिल ते मार्च मोजायला सांगितले होते, ते त्याने मोजले. परंतु आपले अनेक व्यापारी बांधव असे समजतात की मशीनने तारीख काढली म्हणजे ती पक्की. म्हणून हे मशीन तारीख कशी सांभाळते आणि मुदत कशी मोजते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

तारीख म्हणजे एक आकडा

अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे ते दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातील तहामुळे. हा तह ३० डिसेंबर १८०३ रोजी झाला. दिवस शुक्रवारचा होता आणि हिजरी सन १२१८ चा रमजान अर्धा सरला होता. ही तारीख एक्सेलमध्ये टाकून पाहा. एक्सेल तिला तारीख मानायलाच तयार होत नाही, नुसता मजकूर समजतो. कारण त्याची गणती १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. त्या दिवसाचा क्रमांक १, दुसऱ्या दिवसाचा २, असे करत १ एप्रिल २०२५ चा क्रमांक ४५७४८ येतो. पडद्यावर आपल्याला दिवस, महिना, वर्ष दिसते, पण आत हा एकच आकडा ठेवलेला असतो. खात्री करायची असेल तर तारखेच्या चौकटीचा प्रकार बदलून ‘जनरल’ करा, आकडा उघडा पडेल.

बिलाच्या तारखेत ४५ मिळवले की देय तारीख मिळते, ती यामुळेच. दोन तारखांची वजाबाकी केली की मधले दिवस मिळतात. फेब्रुवारी २८ चा की २९ चा, हे आपल्याला बोटांवर मोजावे लागत नाही. हा मोठा फायदा आहे.

या गणतीत एक गंमतही आहे. एक्सेलमध्ये ६० हा आकडा तारखेच्या रूपात पाहिला तर २९ फेब्रुवारी १९०० दिसते. असा दिवस झालाच नाही, कारण शतकाचे वर्ष ४०० ने भागले गेले तरच त्याला २९ फेब्रुवारी मिळते. ही चूक आधीच्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅममध्ये होती. त्याच्या फायली आपल्याकडे जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून तशीच ठेवली. आपल्या हिशेबाला तिचा त्रास नाही.

त्रास होतो तो वेगळ्याच ठिकाणी. कॉम्प्युटरची तारखेची मांडणी अमेरिकी असेल तर तो आधी महिना वाचतो आणि मग दिवस. आपण ४/३/२०२५ लिहिले ४ मार्च म्हणून, तो धरतो ३ एप्रिल. म्हणजे बिल एका आर्थिक वर्षातून उडून दुसऱ्या वर्षात जाते. १५/३/२०२५ लिहिले तर पंधरावा महिना नसल्यामुळे तो तारीख मानत नाही आणि मजकूर म्हणून चौकटीच्या डाव्या बाजूला चिकटवतो. खरी तारीख उजव्या बाजूला राहते. एका रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की समजावे, उजवीकडच्या तारखाही संशयास्पद आहेत. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये प्रदेश ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडून घ्यावा, आणि पोरांना महिना अक्षरांत लिहायची सवय लावावी.

तसेच साल चारही आकड्यांत लिहावे. २००० साल उजाडण्याआधी जगभर जी धावपळ झाली, ती दोन आकडी सालामुळेच झाली होती. तो प्रश्न मिटला असे वाटते, पण एक्सेलचा जुना नियम असा की २९ पर्यंतचे साल २०२९ पर्यंत धरायचे आणि ३० पासून पुढचे १९३० चे. ज्या मशीनवर ही सीमा बदललेली नाही, तिथे टेम्पोच्या कर्जाचा शेवटचा हप्ता ३१-३-३० असा लिहिला तर तो १९३० सालीच फिटलेला दिसेल. १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी आणखी एक अडचण येणार आहे. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या जागेत मोजणारे जुने प्रोग्रॅम तेव्हा भरून जातील. त्याची काळजी प्रोग्रॅम करणाऱ्यांनी करावी.

मुदत कोणत्या दिवसापासून?

खरे पैसे अडकतात ते इथे. कर्जाचा व्यवहार ठरावीक मुदतीसह लिहून ठेवा, असा हुकूम कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत आहे. आपण लिहितो काय? ‘४५ दिवस’. कोणत्या दिवसापासून, हे कोणी लिहीत नाही. सुरतवाले याच मुदतीला ‘धारा’ म्हणतात, आणि धारा बिलापासून की माल पोचल्यापासून, यावर दलालाच्या गादीवर दर हंगामात वाद होतो.

एक उदाहरण घेऊ. भिवंडीहून २५ जानेवारी २०२५ चे बिल निघाले, बिल्टी लांबली आणि गाठ दुकानात ३ फेब्रुवारीला उतरली. बिलापासून ४५ दिवस ११ मार्चला भरतात. माल पोचल्यापासून मोजले तर २० मार्च येते. नऊ दिवसांचा फरक आहे. टॅलीला वेगळे सांगितले नसेल तर ती बिलाच्या तारखेपासून मोजते.

कायदा मात्र माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ प्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर कराराच्या मुदतीत, आणि ती मुदतही जास्तीत जास्त ४५ दिवसांची, द्यावे लागतात. लेखी करारच नसेल तर फक्त १५ दिवस मिळतात. वरच्या उदाहरणात तो दिवस १८ फेब्रुवारी. मालाबद्दल तक्रार असेल तर ती १५ दिवसांच्या आत लेखी करावी लागते, मग तक्रार मिटल्याच्या दिवसापासून मुदत धरतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही हीच मुदत आली आहे. मुदत टळून रक्कम ३१ मार्चला बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, ज्या वर्षी पैसे देऊ त्या वर्षी धरला जातो.

पावरलूमवाले, शिवणारे, जरी-भरतकाम करणारे, फर्निचर बनवणारे अशा आपल्या कारागीर बांधवांना हा कायदा ठाऊकच नसतो. उद्यम नोंदणी २०२० पासून घरबसल्या होते. ती असेल तर आणि माल पोचल्याची तारीख टाकून बिलावर सही घेतलेली असेल तर मागणी पक्की होते. उशिराबद्दल व्याजाची तरतूदही कायद्यात आहे. ते व्याज आपल्याला नको असेल तर नका घेऊ, पण मुद्दल वेळेवर मागण्याचा हक्क कशाला सोडायचा? नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र हे संरक्षण मिळत नाही. त्याच्या वाट्याला फक्त वेळेवर देणे येते.

‘एक महिना’ आणि ‘३० दिवस’ या दोन वेगळ्या मुदती आहेत, हेही ध्यानात असावे. मुदती हुंडीसाठी १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्यात नियम आहे, आणि उदाहरणही दिले आहे: २९ जानेवारी १८७८ चा कागद एक महिन्याच्या मुदतीचा असेल, तर फेब्रुवारीत २९ तारीख नसल्यामुळे महिना २८ फेब्रुवारीला भरतो आणि सवलतीचे तीन दिवस धरून पैसे ३ मार्चला देय होतात. कॉम्प्युटरही महिना असाच मोजतो. ३१ जानेवारीला एक महिना मिळवा, २८ फेब्रुवारी येते. पण त्या २८ फेब्रुवारीला पुन्हा एक महिना मिळवला तर २८ मार्च येते, ३१ मार्च येत नाही. म्हणून हप्त्यांची यादी करताना प्रत्येक हप्ता मागच्या हप्त्यावरून न काढता पहिल्या तारखेवरून काढावा: एक महिना, दोन महिने, तीन महिने.

वसुलीची यादी काढतानाही एक प्रश्न पोराला विचारा. टॅली थकबाकीचे वय बिलाच्या तारखेपासून दाखवते किंवा देय तारखेपासून. ६० दिवसांच्या मुदतीचे बिल साठाव्या दिवशी पहिल्या यादीत ६० दिवस जुने दिसते आणि दुसऱ्या यादीत थकलेलेच नसते. चुकीची यादी हातात घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहिलो, तर वर्षांचे संबंध बिघडतात.

चांद आणि गणित

हिजरी तारीख कॉम्प्युटर गणिताने काढतो. त्यात एक महिना ३० चा आणि पुढचा २९ चा, म्हणजे वर्ष ३५४ दिवसांचे धरतात. शिवाय दर ३० वर्षांत ११ वर्षे ३५५ दिवसांची. तीस वर्षांचे १०,६३१ दिवस होतात. सरासरीला हे गणित इतके पक्के आहे की सुमारे अडीच हजार वर्षांत एखाद्या दिवसाचा फरक पडावा. पण एका विशिष्ट संध्याकाळी चांद दिसला की नाही, हे ते सांगू शकत नाही. सौदी अरबची उम्मुल-कुरा दिनदर्शिकाही आधीच गणिताने तयार होते, आणि अनेक मोबाइलमध्ये तीच असते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तिथली ईद आपल्या एक दिवस आधी झाली. म्हणूनच असे प्रोग्रॅम करणाऱ्यांनी हिजरी तारीख एक-दोन दिवस मागे-पुढे सरकवण्याची सोय ठेवलेली असते. आणखी एक गोष्ट: आपली तारीख मगरिबला बदलते, मशीनची मध्यरात्री. चांदरातची विक्री मशीन रमजानमध्येच टाकते.

मराठी पंचांगाचे महिनेही चंद्राचेच. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला, २०२४ साली १ नोव्हेंबरला आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला झाले. दर वर्षी अकरा दिवस मागे, अगदी ईदसारखे. पण २०२६ साली ज्येष्ठ अधिक धरल्यामुळे दिवाळी पुन्हा ८ नोव्हेंबरला जाते. अधिक महिन्यात लग्नेही होत नाहीत, तेव्हा लग्नसराईचा माल भरणाऱ्यांनी तो पाहूनच ऑर्डर द्यावी. हिजरी सनात अधिक महिना नाही. म्हणून ईद साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते.

जुन्या राज्यकर्त्यांनाही हीच अडचण होती. पीक सूर्याच्या हिशेबाने येते आणि हिजरी वर्ष अकरा दिवस लहान, मग सारा कोणत्या सनावर गोळा करायचा? त्यासाठी फसली सन काढला गेला. निजामाच्या अमलात महसुलाचे कागद फसलीवर चालत आणि रोजे-ईद हिजरीवर. दोन कामांना दोन सन.

जकातीच्या हिशेबात (नाक्यावरची नव्हे, मालाची) हाच मुद्दा येतो. ती चांद्र वर्षावर आहे. पुष्कळ व्यापारी सोय म्हणून ३१ मार्चच्या स्टॉकवर अडीच टक्के काढतात. पण सूर्याची ३२ वर्षे होतात तेव्हा चंद्राची जवळजवळ ३३ भरतात, म्हणजे आयुष्याच्या धंद्यात एका वर्षाची जकात राहून जाते. इस्लामी वित्तसंस्थांच्या हिशेबाचे निकष ठरवणाऱ्या बहरीनच्या संस्थेने सौर वर्ष धरणाऱ्यांसाठी २.५७७५ टक्के दर दिला आहे. दहा लाखांवर २५,००० च्या जागी २५,७७५. मसला आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावा. माझ्या मते मात्र दराशी खेळण्यापेक्षा एक हिजरी तारीख कायम ठरवून त्या दिवशी स्टॉक मोजणे सोपे आहे.

त्यासाठी रोजच्या विक्रीच्या तक्त्यात इंग्रजी तारखेशेजारी हिजरी तारखेचा एक रकाना वाढवावा. त्यात प्रोग्रॅमची तारीख घेऊ नये. मशिदीतून चांद जाहीर झाला की महिन्याची पहिली तारीख हाताने टाकावी, पुढच्या तारखा एक-एक मिळवून आपोआप येतात. मग १२ मार्च ते १० एप्रिल २०२४ ची विक्री २ ते ३० मार्च २०२५ च्या विक्रीशेजारी लावता येते, आणि बँकेत नेण्याचा कागद हा. फक्त पहिला रमजान ३० दिवसांचा होता आणि दुसरा २९ चा, तेव्हा एकूण रकमेऐवजी रोजची सरासरी ताडून पाहावी.