मोटारीचे टायर मोटारसायकलीला चालेल का?

निलंग्याचा बाजार भरला होता. रस्त्याच्या कडेला पंक्चर काढणाऱ्या मिस्त्रीचे दुकान होते. तिथे एक शेतकरी मोटारसायकल घेऊन आला. बरोबर त्याचा मुलगा होता. मुलाच्या खांद्यावर मोटारीचे जुने टायर होते.

"राम राम, मिस्त्री."

"राम राम, मामा. काय काम काढलं?"

"मागचं टायर पार झिजलंय. रोज दुधाच्या कॅन आणायच्या, कधी खताचं पोतं आणायचं. माझ्या बैलगाडीला मोटारीचीच जुनी टायर हायत. काही तक्रार न्हाई. म्हणून म्हटलं, हे टायर मोटारसायकलीला मागं बसवा. जाड हाय, लई दिवस टिकंल. चार पैसे वाचतील."

मिस्त्री हसला नाही. तो म्हणाला, "मामा, पैसे वाचवायचा विचार चांगला हाय. पण आधी टायर वाचू या."

"टायर वाचायचं? ते काय पुस्तक हाय?"

"त्याच्यावर लिहिलेलं असतं, मामा. बघा तर खरं."

टायरच्या बाजूला आकडे असतात. ते इंग्रजी असतात. पण नोटेवर आणि एस.टी.च्या पाटीवर आपण ते रोज पाहतो. मामा रात्रीच्या वर्गाला जात होते. त्यांनी बोट ठेवून वाचले. मोटारसायकलीच्या टायरवर होते ३.००-१८. मोटारीच्या टायरवर होते १४५/८०, पुढे एक अक्षर आणि १२.

शेवटचा आकडा रिंगचा असतो. रिंग किती इंची, ते तो सांगतो. मोटारसायकलीची रिंग १८ इंची. मोटारीचे टायर १२ इंची रिंगचे.

"अरेच्चा!" मामा म्हणाले. "हे तर बसणारच न्हाई!"

मुलगा म्हणाला, "मिस्त्री, १८ आकडा असलेलं मोटारीचं टायर आणलं तर?"

"आणलंस तरी बसवू नये. का, ते सांगतो."

बैलगाडीला का चालते?

पूर्वी बैलगाडीची चाके लाकडाची असत. त्यांवर लोखंडी धाव असे. धाव अरुंद असते. पावसात काळ्या जमिनीत ती रुतते. बैलांचे हाल होतात. मोटारीचे टायर रुंद असते. आत हवा असते. ओझे जास्त जागेवर पसरते. चाक कमी रुतते. बैलांना ओढायला हलके जाते.

असे हवेचे टायर डनलप नावाच्या माणसाने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केले. डनलप बेलफास्ट शहरात गुरांचा डॉक्टर होता. साल होते १८८८. गुरांच्या डॉक्टरची ही युक्ती पुढे बैलांच्याही उपयोगी पडली.

बैलगाडी माणसाच्या चालीने चालते. वळताना ती कलत नाही. चाक सरळ उभे राहते. मोटारीचेही तसेच. म्हणून मोटारीचे टायर बैलगाडीला चालते. उतारावर मात्र जपावे. टायरची गाडी सहज घरंगळते आणि बैलांच्या अंगावर येते. ओझे बेताने भरावे.

मोटारसायकलीला का चालत नाही?

मिस्त्रीने मुलाला शेजारच्या घरून एक मडके आणि एक चपटा डबा आणायला सांगितले.

"मडकं जरा कलतं कर. काय झालं?"

"पोट भुईला टेकलेलंच हाय."

"आता डबा कलता कर."

डबा एका कडेवर उभा राहिला. बूड उचलले गेले.

"हेच ते," मिस्त्री म्हणाला. "मोटारसायकल वळताना कलते. कलल्याशिवाय ती वळतच न्हाई. म्हणून तिचं टायर मडक्यासारखं गोल असतं. कितीही कललं तरी रबर रस्त्याला धरून राहतं. मोटारीचं टायर डब्यासारखं चपटं. कललं की कडेवर येतं. वळणावर वाळू असली, पावसाचं पाणी असलं, तर मागचं चाक सटकतं. अन् मामा, मागच्या चाकावर घरची माणसं बसतात."

मामा गप्प झाले. काल त्याच सीटवर त्यांची नात शाळेतून आली होती.

मिस्त्री पुढे म्हणाला, "रिंगचंही तसंच. दोन्ही रिंगांच्या कडा वेगळ्या घडणीच्या असतात. टायरची कड नीट बसली न्हाई, की काही जण हवा वाढवत राहतात. टायर फुटतं. हात जातो, डोळा जातो."

अमेरिकेतली गोष्ट

अमेरिकेत काही लोक मोटारसायकलीला मागे मोटारीचे टायर बसवतात. होंडा कंपनीची गोल्ड विंग नावाची मोटारसायकल आहे. ती सुमारे चारशे किलो वजनाची. तिची मागची रिंग १६ इंची असते. त्या मापाची मोटारीची टायरही मिळतात. ती जास्त दिवस टिकतात, म्हणून हे लोक ती बसवतात. पण टायर बनवणारे कारखानेच सांगतात, की असे करू नका. टायर टिकले, पण माणूस पडला, तर बचत कसली?

मामांनी ३.००-१८ मापाचे नवे टायर घेतले. त्यावर बाण होता. चाक पुढे फिरते त्या दिशेला बाण ठेवून मिस्त्रीने ते बसवले. मोटारीचे टायर मामांनी बैलगाडीसाठी परत नेले.

लक्षात ठेवा

१. टायर घेताना आकडे स्वतः वाचा. जुन्या टायरवर जो आकडा, तोच नव्यावर हवा.

२. टायरवर चार आकड्यांची तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. फार जुने टायर घेऊ नका.

३. नक्षीच्या खोबणीत रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर बदला.

४. हवा कमी असली तर टायर लवकर झिजते. हवा वेळोवेळी तपासा.

प्रश्न

१. बैलगाडीला मोटारीचे टायर का चालते?

२. मडके आणि डबा कलते केल्यावर काय दिसले?

३. तुमच्या गावातल्या एका मोटारसायकलीच्या टायरवरचे आकडे वाचा आणि वहीत लिहा. रिंग किती इंची आहे?