दाब सारखा, मग मोटार तिरपी का?

मोटारीच्या पोटाखालचे काम करण्यासाठी पूर्वी गॅरेजमध्ये जमिनीत खड्डा खणत, नाहीतर जॅक लावून मेकॅनिक पाठीवर सरपटत आत शिरत असे. अमेरिकेतील मेम्फिस शहरातील पीटर लुनाटी या मेकॅनिकने १९२५ साली द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या मोटार-लिफ्टचे पेटंट घेतले. आज दोन खांबांची लिफ्ट घराच्या अंगणातील लहान गॅरेजातही बसवता येते. बटण दाबले की हजार-बाराशे किलोची मोटार माणसाच्या डोक्यावर जाते.

परंतु कधी कधी ही लिफ्ट एका बाजूला पुढे व दुसऱ्या बाजूला मागे राहते. मोटार तिरपी होते. खाली माणूस काम करीत असतो, म्हणून हा दोष क्षुल्लक मानून चालत नाही. आणि येथेच एक कोडे उभे राहते. दोन्ही खांबांना एकाच पंपाचे तेल मिळते. पास्कलच्या नियमाप्रमाणे दोन्हीकडे दाब सारखाच असतो. मग उंची सारखी का नाही?

सारखा दाब म्हणजे सारखी उंची नव्हे

प्रत्येक खांबात एक सिलिंडर व त्यात दट्ट्या असतो. दट्ट्या एका सरकत्या भागाला वर ढकलतो. त्याला कॅरेज म्हणतात. कॅरेजला जोडलेले लोखंडी हात मोटारीच्या खाली जातात. पंपाची नळी दोन्ही सिलिंडरांना जोडलेली असते.

समजा, मोटारीचे वजन १२०० किलो आहे आणि दोन कॅरेजमधील अंतर २४० सें.मी. आहे. मोटारीचा गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर असेल तर प्रत्येक बाजूवर ६०० किलो भार येईल. पण तो केवळ १० सें.मी. डावीकडे असेल तर? तरफेच्या नियमाने डावीकडे १२०० × १३०/२४० = ६५० किलो आणि उजवीकडे ५५० किलो भार येतो.

आता दट्ट्याचे क्षेत्रफळ २० चौ. सें.मी. धरा. उजवी बाजू उचलण्यास दर चौ. सें.मी.ला २७.५ किलो दाब पुरतो. डावीला ३२.५ किलो लागतो. पंप सुरू होताच दाब वाढत जाईल आणि २७.५ ला पोचताच उजवी बाजू उठेल. तेलाला तिकडे वाट मिळाल्यामुळे दाब पुढे वाढणारच नाही. उजवी बाजू थेट माथ्यापर्यंत जाईल आणि तोवर डावी जागची हलणार नाही! केवळ १० सें.मी.चा हा परिणाम आहे. म्हणजे पास्कलचा नियम उंची सारखी ठेवीत नाही, उलट हलकी बाजू आधी उचलतो.

उंची सारखी ठेवतो तो तारेचा दोर

हे काम दोन पोलादी दोर करतात. एका दोराचा मार्ग पाहा. त्याचे एक टोक उजव्या कॅरेजला बांधलेले असते. तेथून तो खाली उतरून बुडाच्या कप्पीखालून जातो, जमिनीलगत डाव्या खांबाकडे येतो, त्या खांबाच्या माथ्यावरील कप्पीवर चढतो आणि खाली येऊन डाव्या कॅरेजला बांधला जातो. (काही लिफ्टमध्ये तो वरच्या आडव्या तुळईवरून जातो, तत्त्व तेच.)

उजवे कॅरेज १ सें.मी. वर गेले की त्या बाजूला १ सें.मी. जास्त दोर लागतो. दोर ताणत नाही, म्हणून तो डावीकडून येतो, आणि डावे कॅरेज १ सें.मी. वर ओढले जाते. दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून डावी बाजू पुढे गेली तर उजवीला ओढण्यासाठी उलट मार्गाने जाणारा दुसरा दोर हवा.

आपल्या उदाहरणात दोराचा ताण किती? दोन्ही दट्ट्यांचे बल सारखे, ६०० किलो. उजवीकडे ५५० किलो भार आणि दोराची खाली ओढ ५० किलो. डावीकडे दट्ट्याचे ६०० व दोराचे ५० मिळून ६५० किलो. हिशेब जुळला! (घर्षण आपण सोडून दिले आहे.) पण दोर २ सें.मी. सैल असेल, तर तो ताठ होईपर्यंत उजवी बाजू २ सें.मी. पुढे गेलेलीच असेल.

दोष कसा शोधावा?

लिफ्ट रिकामी ठेवून, पायरीपायरीने पाहावे.

१) आधी जमीन. प्रत्येक कॅरेजची उंची त्याच्याच खांबाच्या बुडापासून मोजा. मग गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन्ही कॅरेज एका पातळीत आहेत का ते पाहा. पहिली मापे सारखी, पण पाण्याची पातळी जुळत नाही, तर लिफ्ट निर्दोष आहे. फरशी खचली किंवा फुगली आहे. राजुऱ्याच्या परिसरात, वर्धा नदीच्या खोऱ्यात, काळी भारी जमीन आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते, हे तुम्ही पाहिले असेल. गॅरेजच्या पत्र्यावरील पागोळ्यांचे पाणी एकाच खांबाच्या बाजूला मुरत असेल तर काँक्रीट तेथेच उचलले जाते. खांबाची ४५ सें.मी. रुंद बैठक एका कडेला केवळ ३ मि.मी. उचलली गेली, तर २७० सें.मी. उंचीवरील माथा १८ मि.मी. कलतो. ओळंबा सोडला की हे दिसते.

२) मग दोर. पहिली मापेच वेगळी निघाली, तर दोराकडे वळावे. दोन्ही कॅरेज एकाच उंचीच्या लॉकवर टेकवून दोन्ही दोर हाताने दाबून ताण सारखा आहे का ते पाहतात. तो टोकाच्या नटाने जुळवतात. पण तारा तुटून काट्यांसारख्या वर आल्या असतील, तर दोर आवळणे हा उपाय नव्हे. तो बदललाच पाहिजे. तारेचा दोर प्रथम १८३४ साली जर्मनीतील क्लाउस्टालच्या खाणीत विल्हेल्म आल्बर्ट यांनी वापरला. साखळीची एक कडी तुटली की सारे कोसळते. दोराच्या तारा एकेक तुटतात व आधी इशारा देतात. तो इशारा वाचला पाहिजे.

कानही उपयोगी पडतात. वर जाताना दोन्ही खांबांतील लॉक दातांवरून ‘खट्’ आवाज करीत जातात. दोन्ही आवाज एकदम आले तर बाजू बरोबर आहेत. मागेपुढे आले तर फरक आहे.

३) शेवटी तेल. कॅरेज हिसके देत वर जात असेल तर सिलिंडरात हवा शिरली असावी. तेल जवळजवळ दाबले जात नाही, हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते. ती स्क्रू सैल करून काढतात. थांबलेली लिफ्ट हळूहळू उतरत असेल तर गळती आहे. येथे एक गंमत ध्यानात ठेवा. नळी सामाईक असल्यामुळे कोणत्याही सिलिंडरातून तेल गेले तरी आधी खाली येते ती जड बाजू. म्हणून खचलेली बाजू गळकी समजू नका. गळती कोठे आहे हे तेलाचा ओला डाग सांगतो.

उतरताना एका बाजूचे लॉक सुटले नाही, तर मोटार झुकू लागते. अशा वेळी उतरवणे तत्काळ थांबवून लिफ्ट थोडी वर घ्यावी. दोन्ही लॉक मोकळे झाल्याची खात्री करूनच पुन्हा उतरवावे. आणि तेलाच्या भरवशावर मोटारीखाली कोणी जाऊ नये; दोन्ही लॉकवर भार टेकल्यावरच जावे. दुरुस्ती जाणत्या मेकॅनिकनेच, लिफ्टबरोबरच्या पुस्तिकेप्रमाणे करावी.

करून पाहा

औषधाच्या दुकानातून सुया नसलेल्या तीन सारख्या सिरिंज, बारीक नळी व तीन तोंडांचा जोड आणा. हवा राहू न देता पाणी भरा. दोन सिरिंज उभ्या बांधून त्यांच्या दट्ट्यांवर कमीजास्त वजने ठेवा आणि तिसरी दाबा. कोणता दट्ट्या आधी उठतो? आता एका सिरिंजमध्ये मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडून पुन्हा पाहा.

विचार करा :
१) गवंड्याच्या नळीत दोन्ही टोकांना पाण्याची उंची सारखी राहते, सिरिंजमध्ये का राहत नाही?
२) वरील लिफ्टवर गुरुत्वमध्य २० सें.मी. सरकला तर दोराचा ताण किती होईल?
३) उजव्या कॅरेजला खाली ओढणारा दोर तुटला आणि दुसरा शाबूत राहिला, तर वर जाताना काय होईल?