बालाघाटातला म्हणून घेतलेला काळा दगड

तुळजापुरात यात्रेच्या गर्दीत एका दुकानात तळहाताएवढी काळी चकती दिसली. इतकी चकचकीत, की माझ्या चष्म्याची काडीसुद्धा तीत दिसत होती. "ऑब्सिडियन आहे, ज्वालामुखीची काच. आपल्याच बालाघाटात निघतो," दुकानदार म्हणाला. मी 1200 रुपये मोजले, घासाघीसही केली नाही. आपल्या मातीतली वस्तू म्हटल्यावर मी विरघळतो, काय करणार.

आठवड्याच्या आत ती शहाबादी फरशीवर पडली. मोठे दोन तुकडे, बाकी चुरा. तुटलेल्या जागी शिंपल्यावर असतात तशा वाटोळ्या लहरी. केरसुणी फिरवून मोकळा झालो आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी देवघराकडे जाताना एक कपची टाचेत घुसली. आई काच फुटली की कणकेचा ओला गोळा फरशीवर दाबत फिरवायची, मग तो फेकून द्यायची. तसंच करा. ही धार साधी नाही; मेक्सिकोचे अझ्टेक ऑब्सिडियनची पाती काढत, तोच घासून आरसेही करत.

उरलेला तुकडा ओळखीच्या सराफाने बॅटरीसमोर धरला. पातळ कड जांभळी, आत गोल गोल बुडबुडे. "भट्टीतली काच," एवढंच म्हणाला. ऑब्सिडियनची पातळ कड बहुधा धुरकट, राखाडी-तपकिरी दिसते. अर्थात दोन्ही काचच, त्यामुळे नुसत्या नजरेवर जाऊ नका. किंमत मोठी असेल तर रत्नपरीक्षकाला दाखवा.

खरं तर मला दुकानातच शंका यायला हवी होती. बालाघाटातला दगड म्हणजे नळदुर्गचा किल्ला ज्या काळ्या दगडाचा, तोच बेसॉल्ट. त्यात सिलिका जेमतेम निम्मी. ऑब्सिडियन होतो 70 टक्क्यांच्या आसपास सिलिका असलेल्या चिकट लाव्हाचा, तोही झटकन थिजला तर. शिवाय आपला लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. इतक्या काळात नैसर्गिक काच सहसा काच राहत नाही, तिचे बारीक स्फटिक होतात. आपल्या खडकाच्या पोकळ्यांत मिळते ती गारगोटी, अकीक. जुनी, इथली चकाकी पाहायची तर तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात जा. तेरला सापडलेल्या मण्यांत काचेचेही आहेत, आणि ते काच म्हणूनच मांडलेत.

तरी घ्यायचाच असेल, तर दगडाचं नाव आणि तो कुठला, हे बिलावर लिहून मागा. माझ्याकडच्या चिठ्ठीवर नुसतं 'शोपीस, 1200' आहे.