हात आधी, मन नंतर



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 3 (कर्मयोग), श्लोक 36 ते 43

तिसऱ्या अध्यायात एकूण 43 श्लोक आहेत. त्यातले शेवटचे आठ आज आपण घेतोय. कर्म सोडू नकोस, फळाची ओढ सोड, हे भगवंतांनी अर्जुनाला समजावून झालंय. अर्जुनाला ते पटलंयसुद्धा. आणि तरीही तो एक प्रश्न विचारतो. प्रश्न असा आहे की रात्री साडेबाराला अंथरुणात फोन धरून पडलेल्या कुणालाही तो सुचावा.

अर्जुनाच्या म्हणण्याचा भाव असा : देवा, माणसाला मनातून नको असतं, तरी तो नको ते करतो. कुणीतरी मागून ढकलत नेल्यासारखा. हे ढकलणारं कोण आहे?

बघा, कळत नाही म्हणून चुकतो त्या माणसाबद्दल अर्जुन विचारत नाहीये. कळतंय, पटलंय, तरी हात तिकडेच जातो, त्या माणसाबद्दल विचारतोय. म्हणजे आपल्याबद्दल.

यात पाप कसलं?

अर्जुनाच्या प्रश्नात पाप हा शब्द येतो. आपल्याला वाटतं, दहा मिनिटं रील बघितली, यात पाप कसलं? बरोबर आहे. तो शब्द बाजूला ठेवू. पण प्रश्नातला दुसरा भाग ठेवू : इच्छा नसताना. ही खरी खूण आहे.

मित्रांबरोबर ठरवून मॅच बघणं ही निवड आहे. रविवारी दुपारी मस्त ताणून देणं हीसुद्धा निवड आहे. सहाव्या अध्यायात भगवंत आहार, विहार, झोप, जागरण या सगळ्याला जागा देतात, फक्त ते प्रमाणात असावं म्हणतात. करमणुकीशी गीतेचं भांडण नाही. पण लॅपटॉपवर बिल्ड व्हायला दोन मिनिटं लागणार म्हणून फोन उचलला आणि वीस मिनिटांनी मान वर केली, तेव्हा मधली अठरा मिनिटं कोणी निवडली? आपण तर नाही. लिफ्टची वाट बघताना, सिग्नलला, जेवताना, अगदी आरती सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात हात खिशाकडे जातो. कुणी सांगितलं त्याला?

आणि जातं काय, तर नुसता वेळ नाही. मुलगी चित्र दाखवायला येते, आपण "छान!" म्हणतो, आणि चित्र पाहिलेलंच नसतं. गावाहून बाबांचा फोन येतो, आपण "हं, हं" करत असतो, अंगठा दुसरीकडे चालू असतो. ती मुलगी काही वर्षांनी चित्र दाखवायला येणार नाही. बाबांचा फोनही कायम येत राहणार नाही. इतकं मोठं काहीतरी आपण न निवडताच देऊन टाकतोय.

भगवंतांचं उत्तर

उत्तर सरळ आहे : काम आणि क्रोध, आणि दोघांचा जन्म रजोगुणातून. इथे काम म्हणजे फक्त वासना नव्हे. "हवंय" अशी कुठलीही ओढ. आपल्याला ती अमुक रील हवी असते असंही नाही, "काहीतरी" हवं असतं. रजोगुण म्हणजे हीच चुळबुळ. रिकामं बसवत नाही. आणि भगवंत म्हणतात, ही भूक खाऊन भागत नाही, आगीसारखी आहे. घाला तेवढं कमीच. तासभर स्क्रोल करून "आता पोट भरलं" असं कुणाला वाटलंय का?

मग यात क्रोध कुठून आला? दुसऱ्या अध्यायात त्याची साखळी दिली आहे : विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून काम, आणि कामातून क्रोध. घरात हे रोज दिसतं. आपण स्क्रीनमध्ये बुडालेलो असताना मुलानं बाही ओढली की तोंडातून निघतं, "थांब ना जरा!" आवाज नको तेवढा चढलेला असतो. त्या पोरानं काय केलं होतं? काही नाही. तो फक्त आपल्या "हवंय"च्या मध्ये आला. कामाच्या रस्त्यात काही आडवं आलं की तोच क्रोध होतो. म्हणून भगवंत दोघांची नावं एकत्र घेतात.

धूर, धूळ आणि वार

38व्या श्लोकात तीन उपमा आहेत. आग धुरानं झाकली जाते, आरसा मळानं, आणि गर्भ वारेनं. तसं ज्ञान या कामानं झाकलेलं असतं. अनेक टीकाकार यात आवरणाच्या तीन पायऱ्या पाहतात, आणि सवयींकडे बघायला ही रीत फार उपयोगी आहे.

काही सवयी धुरासारख्या असतात. लक्षात आलं, एक फुंकर मारली, गेल्या. काही आरशावरच्या धुळीसारख्या, रोज पुसावं लागतं. आणि काही वारेसारख्या, खूप खोल. तिथे घाई चालत नाही, दिवस भरावे लागतात. आपण गडबड करतो ती इथे. वारेसारख्या सवयीवर एकदा फुंकर मारून बघतो आणि "माझ्याच्यानं होत नाही" म्हणून सोडून देतो. सवय कुठल्या जातीची आहे हे आधी ओळखा, म्हणजे स्वतःवर विनाकारण चिडणार नाही.

आधी कुठे हात घालायचा?

आता आजचा मुख्य मुद्दा. 40व्या श्लोकात भगवंत शत्रूचे पत्ते देतात. एक नाही, तीन : इंद्रियं, मन आणि बुद्धी. आपल्याला कुणी विचारलं, सुरुवात कुठून करू, तर आपण म्हणू, मनापासून. मन घट्ट कर, निश्चय कर, उद्यापासून बंद!

भगवंत असं सांगत नाहीत. 41व्या श्लोकात ते स्पष्ट म्हणतात, आधी इंद्रियं आवर. पुढच्याच श्लोकात सांगतात की इंद्रियांहून मन वरचढ, मनाहून बुद्धी, आणि बुद्धीच्याही पलीकडे आत्मतत्त्व आहे. म्हणजे वरची पायरी त्यांना माहीत आहे, तरी काम सुरू करायला सांगतात सगळ्यात खालच्या, सगळ्यात बाहेरच्या पायरीवर.

का? माउली ज्ञानेश्वरीत हे फार सोपं करून सांगतात. भाव असा, की या शत्रूंचा पहिला अड्डा इंद्रियांत आहे. तो मोडला की मनाची पळापळ आपोआप मंदावते, बुद्धी मोकळी होते, आणि यांना राहायला जागाच उरत नाही.

आपल्या भाषेत बोलायचं तर, मनाशी वाद घालत बसू नका, हाताची सोय बदला. मन फार हुशार वकील आहे. "फक्त एक मेसेज बघतो" हे त्याचं म्हणणं तुम्ही रात्री अकरा वाजता, थकलेले असताना खोडून काढू शकणार नाही. पण फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असेल तर खटला उभाच राहत नाही. हात पोहोचत नाही, एवढंच. यात पराक्रम काही नाही, आणि तीच तर सोय आहे. भगवंतांनी आपल्याला सगळ्यात सोप्या जागेपासून सुरुवात करायला सांगितलंय.

मेरुमणी

आजीची जपमाळ आठवा. 108 मणी आणि एक मेरुमणी. बोटं मेरूपाशी आली की थांबतात. मेरू ओलांडायचा नाही, माळ फिरवायची आणि उलट निघायचं. डोळे मिटलेले असले तरी बोटांना कळतं की इथे थांबायचंय.

प्रोग्रामिंग शिकताना पहिल्याच वर्षी सांगतात, लूप लिहिलात तर ते थांबणार कधी तेही लिहा, नाहीतर प्रोग्राम फिरतच राहील. फोनवरच्या फीडमध्ये ही थांबायची जागा मुद्दाम काढून टाकलेली आहे. कधीच न संपणारं स्क्रोल 2006 साली एझा रास्किन या डिझायनरनं तयार केलं, आणि पुढे त्यानंच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आधी पान संपायचं, "पुढे" असं बटण दाबावं लागायचं. तो अर्धा सेकंद म्हणजे मेरुमणी होता. तो गेला.

आपल्या घरातल्या जुन्या रीती या नजरेनं बघा. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवणं, चित्राहुती घालणं. देवळात शिरताना पायरीला हात लावून कपाळाला लावणं. सकाळी उठल्याबरोबर आपलेच तळवे बघून करदर्शनाचा श्लोक म्हणणं. प्रत्येकाचा धार्मिक अर्थ आहेच. पण त्याबरोबर प्रत्येक रीत एक मेरूही आहे : थांब, आता तू काहीतरी सुरू करतोयस, जागा हो. दिवसातलं पहिलं दर्शन आपल्या रिकाम्या हातांचं असावं, ही कल्पनाच किती सुंदर आहे. दिवस या हातांनी घडवायचाय. आणि आज त्याच हातात डोळे उघडायच्या आधी फोन येतो, म्हणजे दिवस कसा जाणार हे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं.

मनाचा एक चांगला गुण

नुसतं दार बंद करून मात्र भागत नाही. फोन बाहेर ठेवला आणि आत काहीच नसलं, तर मन दाराशी घिरट्या घालत राहणार. इथे सहावा अध्याय मदतीला येतो. मन चंचल आहे, वाऱ्यासारखं आहे, अशी अर्जुनाची तक्रार आहे, आणि भगवंत ती मान्य करून दोन उपाय देतात : अभ्यास आणि वैराग्य.

तिथे माउली मनाबद्दल एक फार प्रेमळ गोष्ट सांगतात. त्याचा भाव असा, की या मनात एक चांगला गुण आहे. जिथे गोडी लागते तिथे ते सोकावतं. म्हणून त्याला आत्मसुखाची चव कौतुकानं दाखवत जावं.

काय सुंदर आहे ना हे! ज्या सोकावण्यामुळे आपण अडकलो, तेच सोकावणं सोडवायलाही उपयोगी पडतं. मनाला बदडायचं नाही, चव द्यायची. रात्री फोन बाहेर ठेवलात, तर उशाशी ज्ञानेश्वरी किंवा दासबोध ठेवा. ओव्या पाचच वाचा, पण चवीनं वाचा. लोकलमध्ये कानात एखादा आवडता अभंग घ्या, पूर्ण ऐका, मधेच बदलू नका. सुरुवातीला कंटाळा येईल. वैराग्य म्हणजे तो कंटाळा थोडा वेळ सोसणं. तेवढं सोसलं की गोडी लागायला लागते.

एक सावधगिरी

नेमसुद्धा झोपेत होऊ शकतो. तोंडानं हरिपाठ चालू आणि डोक्यात उद्याची मीटिंग. काउंटरवर आकडा वाढतोय, आणि नाम कुठेच नाही. असं झालं तर नेम सोडायचा नाही. सवय आणि नेम बाहेरून सारखेच दिसतात. फरक एवढाच, की सवय आपल्याला ओढून नेते आणि नेमाकडे आपण परत येतो. सहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात, मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आण. किती वेळा, याची मर्यादा त्यांनी घातलेली नाही. मन शंभरदा पळालं आणि शंभरदा परत आणलं, तर तो शंभर वेळा झालेला अभ्यास आहे. पळाल्याचा हिशेब ठेवू नका, परत आल्याचा ठेवा.

आजचा अभ्यास

1. एक दार निवडा. सगळं आयुष्य सुधारायला घेऊ नका. एकच वेळ किंवा एकच जागा ठरवा : अंथरूण, जेवणाचं ताट किंवा देवघर. तिथे फोन हाताला लागणार नाही अशी सोय आजच करा.

2. एक मेरू ठेवा. फोन उचलल्यावर अनलॉक करण्याआधी एक श्वास घ्या आणि एकदा "रामकृष्णहरी" म्हणा. मग स्वतःला विचारा, कशासाठी उचललाय? उत्तर असेल तर खुशाल वापरा. नसेल तर खाली ठेवा.

3. एक गोडी ठेवा. मोकळ्या झालेल्या दहा मिनिटांत काय करायचं ते आधीच ठरवा. वाचन, नाम, आईशी गप्पा, मुलीच्या चित्रातल्या सूर्याला हिरवा रंग का दिलाय ते तिला विचारणं.

झोपताना एवढंच आठवा : आज मी ठरवून केलेली एक गोष्ट कोणती? एक सापडली तरी दिवस कारणी लागला. उद्या त्याच दारापाशी पुन्हा उभे राहू.

प्रार्थना

पांडुरंगा, माझे हात तू दिलेस, ते कुठे जातात याची मला जाग दे. मन पळालं तर रागावू नकोस, बोट धरून परत आण. समोर जो माणूस बसलाय, त्याच्यात तूच आहेस, हे बघायला माझे डोळे मोकळे ठेव.

राम कृष्ण हरी! 🙏