हंसराजाचा काढा आणि दोन आठवड्यांचा खोकला

दिवाळी आटोपल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दिग्रसकडच्या एका खेड्यातले साठीच्या घरातले एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. हातात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक जुडी होती. नाडी बघायला मी हात पुढे केला, तर त्यांनी ती जुडीच माझ्या हातावर ठेवली.

"डॉक्टरसाहेब, हाच हंसराज हाय ना जी? पोळ्यापासून काढा घेऊन रायलो. खोकला काही हटत नाही. म्हटलं, पाला तर चुकून नाही रायला?"

त्यांचा प्रश्न पाल्याबद्दल होता, माझा जीव मात्र "पोळ्यापासून" या शब्दात अडकला. पोळा होऊन दोन महिने उलटून गेले होते. त्या प्रश्नाकडे मी पुढे येणारच आहे. आधी पाल्याचे बघू. खेड्यापाड्यांतून ही वनस्पती सर्रास वापरली जाते आणि ती नेमकी कोणती हे पुष्कळांना ठाऊक नसते.

हंसराज हा नेचा आहे. नेचे म्हणजे ज्यांना फूल येत नाही, फळ येत नाही आणि बीही धरत नाही अशा वनस्पती. वनस्पतिशास्त्रात हंसराजाच्या कुळीला अ‍ॅडिअ‍ॅन्टम म्हणतात. स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली आपल्या ग्रंथात हे नाव नोंदवले. पण शब्द त्याहून फार जुना, ग्रीक भाषेतला आहे. अर्थ आहे "न भिजणारा". हे नाव कसे पडले ते तुम्ही स्वतः पाहू शकता. विहिरीच्या कडेचा हंसराज पाण्यात बुडवून वर काढा. अळूच्या पानावरून निथळावे तसे पाणी थेंबाथेंबाने घरंगळून जाते आणि पान कोरडेच्या कोरडे राहते.

या कुळीत जगभर दोनशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक उष्ण कटिबंधातल्या आहेत आणि त्यांतही सर्वाधिक दक्षिण अमेरिकेत. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पावसाळ्यात हमखास भेटणारी जात म्हणजे अर्धचंद्राकृती पर्णिकांची. जुनी पायविहीर, नाल्याची सावलीतली दरड, पुसद-उमरखेडकडच्या टेकड्यांतले झिरपते काळे पाषाण, ही तिची घरे. मृगाच्या सरी पडल्या की दरडीतून ती डोके काढते आणि उन्हाळ्यात वाळून दिसेनाशी होते. पण मरत नाही. मातीआड तिचे आडवे खोड जिवंत असते, वर फक्त पाने येतात आणि जातात. आपल्याला जे झाड वाटते ते खरे म्हणजे नुसते पान असते.

हंसराज ओळखण्याच्या खुणा डोळ्यांनी पाहता येण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे देठ. तो काळाभोर, तुळतुळीत, घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा असतो. युरोपात याच्या एका जातीला व्हीनस देवीचे केस असे नाव आहे, ते या देठामुळेच. दुसरी खूण म्हणजे पर्णिकेला मधली मुख्य शीर नसते. आंब्याच्या किंवा पिंपळाच्या पानात मधोमध एक जाड शीर असते, इथे तशी नाही. शिरा देठापासून निघतात आणि पंख्याच्या काड्यांसारख्या दोनदोन फाटे फोडत कडेपर्यंत जातात. कोवळे पान गोगलगाईच्या शंखासारखे गुंडाळलेले असते आणि हळूहळू उलगडते. हे मात्र बहुतेक सगळ्याच नेच्यांत दिसते, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून हंसराज ठरवू नये.

खरी पक्की खूण पानाच्या मागे आहे. पान उलटे करून उन्हात धरा. कड आत दुमडलेली दिसेल, साडीला आतून पट्टी मारावी तशी. या दुमडलेल्या पट्टीच्या आतल्या अंगाला तपकिरी भुकटीचे ठिपके किंवा रेघ असते. त्या बीजाणूंच्या पिशव्या. इतर नेच्यांत या पिशव्या पानाच्या पाठीवर बसतात. हंसराजात त्या दुमडलेल्या पट्टीलाच चिकटलेल्या असतात. ही तऱ्हा या कुळीची खासियत आहे. एका पिशवीत साधारण चौसष्ट बीजाणू असतात. पिशवीभोवती एक कडे असते, ते वाळले की ताणले जाते आणि एकाएकी गोफणीसारखे सुटून बीजाणू दूर फेकते.

बीजाणूपासून थेट नेचा उगवत नाही, हे बारावीला शिकताना मला फार नवल वाटले होते. ओल्या मातीत त्यातून नखापेक्षाही लहान, हृदयाच्या आकाराची हिरवी चकती तयार होते. तिच्यावर स्त्रीबीज आणि पुरुषबीज दोन्ही धरतात. पुरुषबीजाला स्त्रीबीजापर्यंत पोहून जावे लागते, आणि पोहायला पाण्याचा पातळसा पापुद्रा तरी लागतोच. त्या मिलनातून जे रोप येते तो आपला हंसराज. म्हणूनच हा नेचा कोरड्या माळावर न दिसता झिरपत्या जागी दिसतो. मात्र आपल्याकडच्या अर्धचंद्री जातीने एक पळवाटही काढली आहे. तिच्या पानाचे टोक लांबत जाते, जमिनीला टेकते आणि तिथेच मूळ धरून नवे रोप करते. पायविहिरीच्या एका चिऱ्यावरून दुसऱ्यावर ती अशी चालत जाते.

आता त्या जुडीकडे येतो. मी ती टेबलावर पसरली आणि भिंग घेऊन बसलो. बाहेर पेशंट खोळंबले होते, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. जुडीत दोन तऱ्हेचे नेचे निघाले. अर्धा पाला खरोखरच हंसराजाचा. उरलेल्याची पाने लांब, चिंचोळी, एका मधल्या दांड्याला दोन्हीकडून लागलेली आणि प्रत्येकात मधली शीर स्पष्ट. हा टेरिस नावाचा नेचा. जुन्या चुन्याच्या भिंतींवर आणि विहिरींच्या बांधकामात तो वाढतो. नात्याने हंसराजाच्याच कुटुंबातला, पण गुण निराळे. फ्लोरिडात लाकडाला रसायने मारण्याच्या एका जुन्या जागेवर हाच नेचा जोमाने वाढलेला आढळला. तिथली माती आर्सेनिकने दूषित होती, आणि हा नेचा ते विष मुळांनी ओढून पानांत साठवत होता. २००१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. आपल्या विहिरींत आर्सेनिक आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण नेचा जिथे उगवतो तिथले जे असेल ते पानात घेऊ शकतो, हे काढा करणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

त्यात आपला जिल्हा कपाशीचा. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर आपण गमावले आणि शेकडोंना दवाखान्यात भरती करावे लागले. धुऱ्यालगतच्या नाल्यावरचा पाला तोडताना शेजारच्या वावरात कधी आणि काय फवारले होते हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तो पाला धुऊन घेतात म्हणे. पण हंसराजावर पाणी ठरतच नाही, ते आपण वर पाहिलेच!

हंसराजाचा औषधी लौकिक खोटा आहे असे मी म्हणणार नाही. आयुर्वेदात हंसपदी म्हणून आणि युनानीत परसियावशान म्हणून या कुळीतल्या वनस्पती शेकडो वर्षे खोकल्यावर दिल्या जात आहेत. युरोपातही याचे सरबत छाती मोकळी होण्यासाठी पीत असत. मी वैद्य नाही, तेव्हा त्या शास्त्राबद्दल अधिकाराने बोलू नये. साधा सर्दीचा खोकला आठ-दहा दिवसांत बहुधा आपण होऊन बरा होतो. त्या काळात गरम काढ्याने घशाला आराम पडतो आणि श्रेय काढ्याला जाते. त्यालाही माझी हरकत नाही. मात्र गर्भवतींनी हंसराज घेऊ नये. जुन्या युनानी ग्रंथांत पाळी आणणारे औषध म्हणूनही तो सांगितला आहे. आणि काढ्यात मध घालून तान्ह्या बाळाला चाटवण्याची आपल्याकडे रीत आहे, तीही सोडावी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. मधात कधीकधी असे जंतू असतात की बाळाचे स्नायू लुळे पडून श्वास थांबू शकतो.

लहान मुलाला खोकला असेल तर काढ्याचे पातेले चढवण्याआधी त्याचा श्वास मोजा. मूल शांत असताना, छाती उघडी करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असला, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा.

आता तो "पोळ्यापासून"चा खोकला. हे गृहस्थ पोळ्यानंतर पंधराएक दिवसांनी एकदा माझ्याकडे येऊन गेले होते. पत्नीचे ब्लडप्रेशर तपासायला घेऊन आले होते, स्वतःसाठी नव्हे. जाताजाता म्हणाले होते, "खोकल्यावर हंसराज घेऊ का जी?" मी कागदावरून मान वर न करता म्हटले होते, "घ्या, काही होत नाही." खोकला किती दिवसांचा, हे मी विचारले नाही. एवढे एक वाक्य विचारले असते तर दीड महिना वाचला असता. त्यांनी माझे वाक्य प्रमाण मानले आणि गावात सांगितलेही, की डॉक्टरसाहेबानेच हंसराज घ्यायला सांगितला.

यावेळी मात्र सगळे विचारले. संध्याकाळी अंगात कसकस येते का? येते. जेवण? निम्म्यावर आले होते. सदरा खांद्यावरून घसरत होता, धोतराची गाठ आवळून बांधलेली. रात्री घाम यायचा. "बिडीमुळे खोकला असंल," असे त्यांचे म्हणणे. बिडी ओढणाऱ्याला खोकला असतोच, त्यामुळे त्याचे निदान सर्वात उशिरा होते, हा माझा गेल्या अनेक वर्षांचा अनुभव आहे.

त्याच दिवशी त्यांना ग्रामीण रुग्णालयात थुंकी तपासायला पाठवले. क्षयाचे जंतू निघाले. नेहमीच्या औषधांना दाद देणारे जंतू होते, एवढे नशीब. उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, रोज. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. रोग्याच्या खात्यात पोषण आहारासाठी पैसेही जमा होतात. २०१८ साली ही रक्कम महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी नारिंगी-लाल होते. ते रक्त नसते, औषधाचा रंग असतो. या एका गोष्टीला घाबरून गोळ्या सोडणारे मी पाहिले आहेत. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर धूसर झाली, तर मात्र लगेच दाखवावे.

थुंकीविषयी थोडे सांगतो, कारण इथेच गफलत होते. डबीत लाळ चालत नाही. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून बेडका काढावा. तो उघड्यावर, माणसांपासून दूर काढावा, न्हाणीघरात किंवा स्वयंपाकघरात नव्हे. डबीचे झाकण घट्ट लावून त्याच दिवशी पोचवावी. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक खोकला असलेल्या प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी. बिडी ओढणाऱ्यानेही, काढा घेणाऱ्यानेही.

घरच्यांना बोलावले तेव्हा कळले की चार वर्षांचा नातू पोळ्यापासून आजोबांच्याच खाटेवर झोपत होता. त्याची आई दुसऱ्यांदा बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून. मुलाचा एक्स-रे काढला, वजन पाहिले. रोग नव्हता. त्याला बचावासाठी सहा महिने रोज एक औषध सुरू केले. आजीची तपासणीही स्वच्छ निघाली. आजोबांना पहिले काही आठवडे वेगळे, ओसरीवर हवेशीर जागी झोपायला सांगितले. ते त्यांना औषधापेक्षाही कठीण गेले, कारण नातू रात्री उठून ओसरीकडे पळायचा.

चौथ्या महिन्यात ते आले तेव्हा वजन पाच किलोने वाढले होते. निघताना त्यांनी विचारले, "आता हंसराज घेतला तर चालंल का जी?" मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि म्हटले, "आधी बसा. खोकला आहे का आता?"

"नाही जी. पाला वाळून ठेवला हाय, वाया जाईल म्हणून इचारलं."