पाळी थांबली तेव्हाच मी थांबायला हवं होतं

उंबरमाळीत नोव्हेंबर लागला की भात खळ्यावर येतं आणि पहाटेची लोकल धुक्यातून दिसण्याआधी ऐकू येते. आमच्याकडची धावणारी पोरं वर्षभर याच दिवसांची वाट पाहतात. हवा गार असते आणि रविवारी कुठे ना कुठे शर्यत असतेच. डिसेंबरात वसई-विरार, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई, शिवाय 26 जानेवारीला गावागावांतल्या शर्यती. एकोणीस वर्षांची असताना यातली एकही सोडायची नाही असं मी ठरवलं होतं.

भातकापणीपर्यंत मी आठवड्याला पस्तीस किलोमीटर धावत होते. कापणी उरकली आणि तीन आठवड्यांत साठवर नेले. पहाटे पाचला कोरा चहा पिऊन निघायचं, आठवड्यातून दोनदा कोणाच्या तरी टेम्पोतून लतिफवाडीपर्यंत जाऊन कसारा घाट चढायचा. रेल्वेची चढण तिथे 1:37 आहे, गाडीलाही मागून जादा इंजिनं लावतात. तो घाट न थांबता चढते याचा मला फार अभिमान होता. पण चढलेला घाट उतरावाही लागतो, आणि डांबरी उतारावर नडगीला बसणारा आदळ चढणीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

घरी आल्यावर अर्धी भाकरी, मग कॉलेजची लोकल, दुपारी वडापाव. वजन उतरलं, दहा किलोमीटरची वेळ दोन मिनिटांनी सुधारली. सराव घेणाऱ्या सरांनी ‘हलकी झालीस’ म्हणून शाबासकी दिली. मार्गशीर्षातले गुरुवार मी दहावीपासून धरते. त्या वर्षी वेगाचा सरावही नेमका गुरुवारीच होता. म्हणजे अंगातून सर्वांत जास्त जाणार त्या दिवशी पोटात साबुदाणा आणि चहा, उपास सुटणार संध्याकाळी पूजेनंतर.

नोव्हेंबरात पाळी आली नाही. डिसेंबरातही नाही. मला बरंच वाटलं, शर्यतीच्या दिवशी त्रास नको. मैदानावरच्या मुली म्हणायच्या, “सराव जोरात असला की नाही येत गं.” हे वाक्य मी आजही ऐकते आणि प्रत्येक वेळी थांबून त्या मुलीशी बोलते. खर्चाला अन्न पुरेनासं झालं की शरीर आधी पाळी थांबवतं. इस्ट्रोजेन उतरतं, आणि धावण्याने हाडाची होणारी झीज भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या उपासमारीला खेळाडूंचा वेगळा विकार म्हणून नाव दिलं. मुलग्यांनाही तो होतो, त्यांच्याकडे फक्त इतकी स्पष्ट खूण नसते.

डिसेंबरअखेर डावी नडगी दुखू लागली. पोलीस भरतीचं 800 मीटर मारणाऱ्या मुली अशा प्रत्येक दुखण्याला ‘शिन पेन’ म्हणतात. बाम, पट्टी, गोळी, आणि पुन्हा रस्ता. मीही तेच केलं. खरं तर फरक हाताला कळतो. साधं शिन पेन नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं तरी पसरलेलं असतं, अंग तापलं की बहुधा थोडं कमी होतं. माझं दुखणं एका बोटाखाली मावत होतं, धावताना वाढायचं आणि रात्री ठणकायचं. असं असेल तर गोळी घेऊन धावू नका. गोळीने दुखणं झाकलं जातं, हाड तसंच राहतं.

जानेवारीत एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. मला हवं तेच ऐकायला मिळालं. बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते, हे मला कोणी सांगितलं नाही. 26 जानेवारीला मुरबाडकडच्या एका शर्यतीत तिसऱ्या किलोमीटरला पाय टेकेना. रस्त्याच्या कडेला, कापलेल्या भाताच्या खुंटांत बसून राहिले.

दुसऱ्या फोटोत चीर स्पष्ट होती. या वेळच्या डॉक्टरबाईंनी पाय बघण्याआधी विचारलं, “पाळी शेवटची कधी आली?” तोवर हे मला कोणीच विचारलं नव्हतं, आईनेसुद्धा. हिमोग्लोबिन 9.4 निघालं, बाईमाणसाचं किमान 12 हवं. तीन महिने धावणं बंद.

आता माझ्याबरोबर चार मुली धावतात. त्यांना मी आधी तारखा लिहायला लावते. सलग तीन महिने पाळी नाही आली तर सराव थांबवून डॉक्टर, यात घासाघीस नाही. निघण्याआधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, परतल्यावर अर्ध्या तासात पोटभर जेवण. नाचणी आपल्या वरकस जमिनीत पिकते, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ती विकून बिस्किटं आणू नका. सुकट, वाल, हरभरे खा, पण जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. या दिवसांत आवळा मिळतो, तो मदत करतो. किलोमीटर हळूहळू वाढवा, आणि डांबर सोडून मुरमाच्या वाटेने धावा. महिन्यात दोनपेक्षा जास्त शर्यती मी कोणाला करू देत नाही. बक्षिसाच्या पैशांची घरात किती गरज असते हे माहीत असूनही.

आम्हाला लहानपणापासून कविता राऊतचं उदाहरण दिलं जातं. सावरपाड्याची आदिवासी मुलगी, 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य. त्यातलं मी फक्त हालअपेष्टांचं ऐकलं, म्हणून हाल सोसले की धावपटू होतं असं वाटत राहिलं. नाशिकला विजेंद्र सिंग यांच्याकडे वर्षानुवर्षं झालेला तिचा शिस्तीचा सराव मी कधी मनावर घेतलाच नाही.

मार्गशीर्षातले गुरुवार मी अजून धरते. सरांनी वेगाचा सराव मंगळवारी नेला, गुरुवारी पूर्ण विश्रांती आणि उपासाला दूध, रताळी, राजगिऱ्याचे लाडू. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आई आता माझ्या पाळीची तारीख लिहिते, आणि दिवस पुढे गेले की पहाटे दार उघडण्याआधी विचारते.